स्थानिक रस्त्यावरील वेगमर्यादेचा फेरविचार : कायद्याच्या इतिहासावर एक दृष्टिक्षेप

गोषवारा

रस्त्यावरील वेगमर्यादा हा सामान्यतः अभियांत्रिकीचा अथवा पोलीस प्रशासनाचा विषय मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. भारतीय मोटार कायद्याची जडणघडण ब्रिटिश कायद्याच्या प्रभावाखाली झाली. म्हणून १८६१ पासूनचे ब्रिटिश कायदे, वेल्समधील २०२३-२४ चा अनुभव आणि भारतातील १९१४, १९३९ व १९८८ चे कायदे यांचा एकत्रित विचार येथे केला आहे. मर्यादा ठरवण्याचा अधिकार आपल्या कायद्यात आला, परंतु ती बदलून मागण्याचा स्थानिक अधिकार आला नाही, आणि ही उणीव गतिरोधकाने भरून काढली, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजशब्द : वेगमर्यादा, स्थानिक स्वराज्य संस्था, मोटार वाहन कायदा, पादचारी, गतिरोधक

प्रस्तावना

गावातून जाणाऱ्या रस्त्यावर एखादा अपघात होतो. शाळेतून घरी येणारे मूल किंवा सकाळी दूध घालायला निघालेला वृद्ध त्यात दगावतो. ग्रामस्थ रास्ता रोको करतात, अधिकारी येतात, आश्वासन दिले जाते आणि काही दिवसांत त्या ठिकाणी डांबराचा एक उंचवटा तयार होतो. महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्यातील वाचकाला हा घटनाक्रम अपरिचित नाही. मात्र या साऱ्या प्रसंगात काही प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या रस्त्यावर कायद्याने वेगमर्यादा किती होती? ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवली होती? ती कमी करून मागायची असल्यास कोणाकडे जायचे?

हे प्रश्न विचारले जात नाहीत याचे कारण केवळ जनतेची उदासीनता हे नाही. त्याची मुळे कायद्याच्या इतिहासात आहेत. वेगमर्यादेचा आकडा हा रस्त्यावरून जाणारे आणि रस्त्याकाठी राहणारे यांच्यातील एक तडजोड असतो. अशा तडजोडीचा फेरविचार करण्याची रीत कायद्यात आहे किंवा नाही, यावर तिचे न्याय्य असणे अवलंबून असते. हे सूत्र धरून पुढील विवेचन केले आहे.

लाल निशाणाचा कायदा

ब्रिटनमध्ये यांत्रिक वाहनांवर देशव्यापी वेगमर्यादा प्रथम १८६१ च्या कायद्याने आली. वाफेवर चालणाऱ्या अवजड वाहनांना खुल्या रस्त्यावर ताशी १० मैल आणि वस्तीत ताशी ५ मैल अशी ती मर्यादा होती. चारच वर्षांनी, १८६५ मध्ये, ती अनुक्रमे ४ आणि २ मैलांपर्यंत खाली आणली गेली. वाहनासोबत तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने लाल निशाण घेऊन साठ यार्ड पुढे चालावे, असे बंधनही घातले गेले. निशाणाची सक्ती १८७८ मध्ये शिथिल झाली, परंतु वेगाचा आकडा कायम राहिला.

या कायद्याची पुढील काळात पुष्कळ थट्टा झाली. तथापि दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, वस्तीतील आणि वस्तीबाहेरील रस्ता वेगळा मानावा हे तत्त्व अगदी आरंभीच मान्य झाले होते. दुसरी अशी की, यंत्र बदलले तरी आकडा बदलला नाही. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील वॉल्टर अर्नोल्ड या मोटारचालकाला २ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ८ मैल वेगाने गेल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला. त्याचा पाठलाग करणारा शिपाई सायकलवर होता. ज्या मर्यादेला सायकलसुद्धा सहज ओलांडू शकत होती तिचा फेरविचार अटळ होता. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने कमाल मर्यादा १४ मैलांवर नेली आणि प्रत्यक्ष नियमांत ती १२ मैल ठेवण्यात आली.

मात्र याच वर्षी, १७ ऑगस्ट रोजी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेस परिसरात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने झालेला पादचाऱ्याचा हा पहिला मृत्यू मानला जातो. पुन्हा अशी घटना घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली होती. मर्यादा सैल करण्याची आणि ती आवळण्याची अशी दोन्ही कारणे एकाच वर्षात पुढे आली. त्यानंतरचा इतिहास या दोन टोकांमध्येच फिरत राहिलेला दिसतो.

१९०३ : अर्ज करण्याचा अधिकार

१९०३ च्या मोटार कार कायद्याने सर्वसाधारण मर्यादा ताशी २० मैल केली. पाठ्यपुस्तकांत एवढेच नमूद असते. त्याच कायद्याच्या नवव्या कलमातील एक तरतूद मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या स्थानिक संस्थेने अर्ज केल्यास, लोकांच्या सुरक्षिततेसाठी तिच्या हद्दीतील विशिष्ट ठिकाणी ताशी १० मैलांची मर्यादा लागू करण्याचा अधिकार मध्यवर्ती स्थानिक शासन मंडळाला देण्यात आला. निर्णय वरून होणार होता, पण त्याची सुरुवात खालून होऊ शकत होती. आपल्या रस्त्याला देशाचा सर्वसाधारण नियम पुरेसा नाही, हे सांगण्याची जागा गावाला कायद्यातच मिळाली.

याच कलमात पुराव्यासंबंधी एक दक्षता होती. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर विसंबून २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणाला दोषी धरता येणार नव्हते. पोलिसांनी यावर उपाय म्हणून रस्त्याचे अंतर मोजून घड्याळ लावण्यास सुरुवात केली आणि या सापळ्यांची सूचना मोटारचालकांना देण्यासाठी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. म्हणजे वाहनचालकांचा संघटित आवाज मोटारयुगाच्या आरंभीच उभा राहिला. पादचाऱ्यांचा तसा आवाज उभा राहण्यास पुढे बराच काळ जावा लागला. पायी चालणारा माणूस हा कोणत्याही एका वर्गाचा, संस्थेचा सभासद नसतो आणि म्हणून त्याची बाजू मांडणारे कमी असतात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मर्यादा रद्द झाली आणि परत आली

१९०३ चा कायदा मुळात तीन वर्षांसाठी होता. तो दरवर्षी मुदतवाढ मिळत १९३० पर्यंत टिकला. दरम्यान मोटारींचा वेग वाढला आणि २० मैलांची मर्यादा सर्रास मोडली जाऊ लागली. जो कायदा कोणी पाळत नाही तो कायद्याविषयीचा आदरच कमी करतो, असा युक्तिवाद होऊन १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने हलक्या मोटारींवरील वेगमर्यादा पूर्णपणे काढून टाकली.

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा घातली आणि ती १८ मार्च १९३५ पासून अमलात आली. लेस्ली होअर-बेलिशा हे तेव्हा वाहतूक मंत्री होते. १९३५ मध्ये मृतांची संख्या ६,५०२ पर्यंत खाली आली. अर्थात वाहनचालकांची सक्तीची परीक्षा आणि पादचाऱ्यांसाठी आखलेल्या ओलांडणीच्या जागा हे उपायही त्याच सुमारास आले होते. त्यामुळे ही सर्व घट एकट्या वेगमर्यादेच्या खात्यावर जमा करणे इतिहासलेखनाच्या शिस्तीला धरून होणार नाही.

या कायद्यातील लक्षणीय बाब म्हणजे ‘वस्ती’ची व्याख्या. ज्या रस्त्यावर एकमेकांपासून २०० यार्डांपेक्षा (सुमारे १८३ मीटर) अधिक अंतरावर नसलेले दिवे आहेत, तो वस्तीचा रस्ता मानला गेला. प्रत्येक ठिकाणी मोजमाप करण्याऐवजी डोळ्यांना दिसणारी एक खूण निवडली गेली. जेथे समाजाने रात्रीचा दिवा लावला आहे तेथे माणसे राहतात आणि जेथे माणसे राहतात तेथे मोटारीने सावकाश जावे, असा त्यामागील साधा विचार होता. ही व्याख्या १९८४ च्या कायद्यातही टिकून राहिली.

पुरावा कोणता ग्राह्य धरावा

दुसऱ्या महायुद्धानंतर वेगमर्यादेचा विषय राजकारण्यांकडून अभियंत्यांकडे सरकला. एखाद्या रस्त्यावरील शंभर वाहनांपैकी पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाने अथवा त्याहून कमी वेगाने जातात, तो वेग प्रमाण मानून त्याच्या जवळपास मर्यादा ठेवावी, हा विचार अमेरिकेत व ब्रिटनमध्ये रूढ झाला. बहुसंख्य चालक समंजस असतात, या गृहीतकावर तो आधारलेला होता. त्यात तथ्य नाही असे नाही. न पटणारी मर्यादा पाळून घेणे कठीण असते, हा १९३० चा धडा त्यामागे होताच.

परंतु या पद्धतीत मोजले जाते ते फक्त वाहनात बसलेल्यांचे वर्तन. वाहनांच्या भीतीने ज्या आजीबाईंनी पलीकडच्या देवळात जाणे सोडले, किंवा ज्या पालकांनी मुलांना शाळेत पायी पाठवणे बंद केले, त्यांची नोंद या मोजणीत कोठेही होत नाही. रस्ता जितका भयावह, तितके पादचारी कमी. आणि पादचारी जितके कमी, तितका तो रस्ता कागदोपत्री वेगासाठी योग्य, असा विपरीत निष्कर्ष त्यातून निघू शकतो.

ब्रिटनमध्ये हा दृष्टिकोन हळूहळू बदलला. १९९१ च्या आरंभी ताशी २० मैल मर्यादेचे पहिले विभाग शेफील्ड, किंग्स्टन आणि नॉर्विच येथे सुरू झाले, परंतु त्यासाठी मंत्र्यांची संमती लागत असे. १९९९ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली आणि स्थानिक संस्था स्वतः निर्णय घेऊ लागल्या. २००६ च्या शासकीय परिपत्रकाने पंच्याऐंशीचे प्रमाण बाजूला ठेवून सरासरी वेगाचा आधार घेतला आणि ‘ए’ व ‘बी’ वर्गातील सर्व रस्त्यांच्या मर्यादांचा फेरविचार २०११ पर्यंत करावा, असे स्थानिक संस्थांना सुचवले. फेरविचार हा अपघातानंतरचा उपचार नसून ठरावीक काळाने करावयाचे नियमित काम आहे, ही कल्पना येथे स्पष्टपणे मांडली गेली.

परिणामांबाबतचा पुरावा मात्र एकसारखा नाही. लंडनमधील २० मैलांच्या विभागांचा अभ्यास २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रस्त्यावरील जखमी व मृतांच्या संख्येत सुमारे ४२ टक्के घट दिसून आली. या विभागांत उंचवटे, अरुंद केलेली वळणे असे रस्त्याच्या रचनेतील बदल होते. याउलट केवळ फलक लावून मर्यादा घातलेल्या ठिकाणांचा शासनाने करवून घेतलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. तेथे वेगातील घट ताशी एका मैलापेक्षाही कमी आढळली. यावरून फलक निरुपयोगी ठरत नाही, परंतु फलकाबरोबर रस्ताही बोलावा लागतो, एवढे निश्चित म्हणता येते.

वेल्सचा अनुभव

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठा फेरविचार वेल्समध्ये झाला. तेथील विधिमंडळाने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेल्या आदेशानुसार १७ सप्टेंबर २०२३ पासून दिवे असलेल्या वस्तीच्या रस्त्यांवरील मूळ मर्यादा ३० वरून २० मैलांवर आणली गेली. पूर्वी २० मैलांसाठी स्थानिक संस्थेला कारण द्यावे लागे. आता ३० मैल कायम ठेवण्यासाठी कारण देणे आवश्यक झाले. अपवाद ठरवताना पाहावयाच्या कसोट्याही वेगळ्या होत्या. शाळा, रुग्णालय अथवा समाजमंदिर पायी १०० मीटरच्या आत आहे का, आणि रस्त्यालगत दर किलोमीटरमागे वीसहून अधिक घरे-दुकाने आहेत का, हे पाहिले जात होते. म्हणजे पुरावा वाहनांच्या वेगात न शोधता रस्त्याकाठच्या जीवनात शोधला गेला.

या निर्णयाला तीव्र विरोध झाला. सुमारे ३१ लाख लोकसंख्येच्या या प्रदेशात विरोधी अर्जावर सुमारे ४ लाख ७० हजार सह्या झाल्या. निवडक मुख्य रस्त्यांवरील सरासरी वेग ताशी सुमारे ४ मैलांनी कमी झाल्याचे आरंभीच्या मोजणीत दिसले होते, तरीही नाराजी ओसरली नाही. मार्च २०२४ मध्ये वाहतूक खाते केन स्केट्स यांच्याकडे आले आणि जुलै २०२४ मध्ये अपवादांविषयीच्या सुधारित सूचना प्रसिद्ध झाल्या. कोणत्या रस्त्यांवर ३० मैल परत आणावे, हे नागरिकांची मते मागवून स्थानिक संस्थांनी ठरवावे, असा मार्ग काढण्यात आला.

हा वेल्सच्या धोरणाचा पराभव होता की विजय, याची चर्चा तेथे झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला यातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. निर्णय चुकला असे ज्यांना वाटले त्यांना तसे सांगण्याचे ठिकाण होते आणि ऐकणाऱ्याला तो रस्त्यागणिक दुरुस्त करण्याची पद्धत उपलब्ध होती.

भारतीय कायदा : जे आले आणि जे राहिले

भारतात मोटारींविषयीचे आरंभीचे कायदे प्रांतिक होते. बंगालने १९०३ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये असे कायदे केले. पुढे १९१४ मध्ये भारतीय मोटार वाहन कायदा संमत झाला. त्यात तपशिलाचे नियम करण्याचे काम प्रांतिक सरकारांकडे सोपवले होते. १९३९ च्या कायद्याने देशभर अधिक सविस्तर व्यवस्था आणली. त्याच्या आठव्या अनुसूचीत वेगाच्या मर्यादा दिल्या होत्या. परंतु त्या वाहनाच्या प्रकारानुसार होत्या. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचा दिवा पाहून वेग ठरत होता, तर आपल्याकडे वाहनाची चाके आणि वजन पाहून तो ठरला.

स्थानिक परिस्थितीची दखल कलम ७१ मध्ये होती. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्ता अथवा पूल यांचे स्वरूप लक्षात घेऊन, राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला विशिष्ट क्षेत्रात अथवा विशिष्ट रस्त्यावर मर्यादा घालता येत होती. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर फलक या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. १९८८ च्या कायद्यातील कलम ११२ मध्ये हीच तरतूद जवळजवळ त्याच शब्दांत आली. एक महिन्यापेक्षा अधिक काळ लागू राहणार नसलेल्या निर्बंधाला राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, एवढी सवलत त्यात आहे. एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर वेगाचा दोष सिद्ध होत नाही, हे १९०३ चे तत्त्वही कलम १८३ मध्ये आहे.

परंतु त्याच १९०३ च्या कलमातील दुसरा अर्धा भाग, म्हणजे स्थानिक संस्थेचा अर्ज करण्याचा अधिकार, या प्रवासात आपल्यापर्यंत पोहोचला नाही. कलम ११२ च्या शब्दांत ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद नाही, रहिवासीही नाहीत. अर्ज कोणी करावा, त्यावर किती दिवसांत निर्णय व्हावा, नकार दिल्यास कारणे द्यावीत का आणि एकदा घातलेली मर्यादा पुन्हा केव्हा तपासावी, यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात नाही. वसाहतकालीन प्रशासनाला जिल्हा अधिकाऱ्याच्या विवेकावर कारभार चालवायचा होता, हे समजण्यासारखे आहे. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतरही ही रचना तशीच राहावी, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

दरम्यान वरची मर्यादा वाढत गेली. केंद्र शासनाच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका व नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेग ताशी ७० कि.मी. ठरवला. ही अधिसूचना २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. या न्यायालयीन वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. मुद्दा असा की, ती केवळ कमाल मर्यादा होती आणि तिच्याखाली स्थानिक मर्यादा घालण्याचा कलम ११२ चा मार्ग कायम होता. तरीही गावातील अथवा शहरातील अनेक रस्त्यांवर आकडा दाखवणारा एकही फलक दिसत नाही. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण म्हणून अतिवेगाची नोंद झाली. जेथे मर्यादेचा फलकच नाही तेथील ‘अतिवेग’ कशाच्या तुलनेत मोजायचा, हा प्रश्न या आकड्यांच्या पोटात दडलेला आहे.

गतिरोधक : कायद्याबाहेरील फेरविचार

कायद्याने दार ठेवले नाही म्हणून लोकांचे म्हणणे थांबत नाही. ते दुसऱ्या वाटेने व्यक्त होते. आपल्या गावोगावचे गतिरोधक ही ती वाट होय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ताशी २५ कि.मी. वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असावा. प्रत्यक्षात अरुंद, टोकदार, रंग न दिलेले आणि रात्री न दिसणारे उंचवटे सर्वत्र आढळतात. त्यांवरून दुचाकीस्वार पडतात, रुग्णवाहिकेतील रुग्णाला हादरे बसतात. अभियंते त्यांना अशास्त्रीय म्हणतात आणि ते योग्यच आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे एक दस्तऐवज म्हणूनही पाहिले पाहिजे. या ठिकाणी वेग जास्त आहे, तो आम्हाला मान्य नाही, आणि हे सांगण्यासाठी आमच्याकडे दुसरे साधन नव्हते, असे तो उंचवटा सांगत असतो. १९०३ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक संस्था जे अर्जाने मागू शकत होती, ते आपले गाव एका मृत्यूनंतर रस्ता अडवून मागते. या दोहोंत फरक आहे तो लोकांच्या समजुतीचा नसून उपलब्ध पद्धतीचा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, वेगमर्यादेचा कोणताही आकडा कायमचा नसतो. १८६५, १९०३, १९३० आणि १९३४ या प्रत्येक टप्प्यावर तो बदलला आणि न बदललेला आकडा अखेर निरर्थक ठरला. दुसरा, मर्यादेचा आधार वाहन असावे की वस्ती, हा मूलभूत प्रश्न आहे. पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे कमाल वेग ताशी ३० कि.मी. असावा, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने म्हटले, ते वस्तीला आधार मानूनच. तिसरा, फलकाला रस्त्याच्या रचनेची जोड नसेल तर परिणाम अल्प होतो. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, फेरविचाराचे दार लोकांना उघडे नसेल तर तो फेरविचार अपघातानंतर, रागाच्या भरात आणि सदोष स्वरूपात होतो.

उपाय फार दूरचा नाही. कलम ११२ खाली प्राधिकृत अधिकारी नेमण्याचा अधिकार राज्य शासनाला आहेच. कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांची तरतूदही आहे. ग्रामसभेचा अथवा नगरपरिषदेचा ठराव या समितीने ठरावीक मुदतीत विचारात घ्यावा, नकाराची कारणे लेखी द्यावीत आणि शाळा-महाविद्यालयांसमोरील रस्त्यांची मर्यादा ठरावीक वर्षांनी तपासावी, एवढे नियमांत आणणे शक्य आहे. यात महाविद्यालयांनाही भूमिका आहे. आपल्या प्रवेशद्वारासमोरील रस्त्यावर दिवसाच्या कोणत्या वेळी किती विद्यार्थी पायी ओलांडतात, वाहने किती वेगाने जातात आणि जवळचा फलक कोठे आहे, याची नोंद भूगोल, संख्याशास्त्र व समाजशास्त्राचे विद्यार्थी सहज करू शकतील. अशी नोंद हाती असेल तर पुढचा ठराव एखाद्या मृत्यूची वाट न पाहता मांडता येईल.